ठिणगीची वेळ सांगताना

पाणीगेट हे बडोद्याच्या जुन्या कोटाचे पूर्वेकडचे दार. पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडी आणि या चारींच्या मध्ये मांडवी. आमच्या दाराच्या नावातच दोन भाषा आहेत. त्यातले पाणी मराठी-गुजराती दोघांचे आणि गेट इंग्रजांचे. या भागात वाढलेल्या मराठी माणसाची बोलीही तशीच जोडकामाची असते. घरात मराठी, ओट्यावर गुजराती, गॅरेजात हिंदी आणि हत्यारांची नावे ज्याला जशी सापडतील तशी. एरवी या मिसळीचा कुणाला त्रास होत नाही. मला एकदा झाला आणि उजवे मनगट महिनाभर गळ्यात बांधून फिरावे लागले. हा लेख त्या मनगटाचा आहे आणि मोटारीच्या इंजिनात ठिणगी केव्हा पडते, ती वेळ घरच्या घरी कशी तपासायची व दुरुस्त करायची, याचाही आहे. दोन्ही विषय एकच आहेत असे मला आता वाटते.

गाडी वडिलांची, प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने जी गाडी काढली, तिलाच पुढे प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, एक कार्ब्युरेटर, एक डिस्ट्रिब्युटर. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत जे कुणी बसले असेल त्याला हे इंजिन कानाने ठाऊक आहे. त्या टॅक्स्यांतली शेवटची गाडी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. आमची मात्र अजून आजवा रोडपर्यंत जाऊन येते.

त्या दिवसांत ती चढावर खडखडू लागली होती. पुलावर चढताना पाय दाबला की इंजिनातून डब्यात फुटाणे हलवल्यासारखा आवाज येई. ज्यांनी ती वीस वर्षे सांभाळली ते मिस्त्री मुलाकडे सुरतेला राहायला गेले होते. मी फोन केला. त्यांनी फोनवर तो आवाज ऐकला आणि क्षणात निदान सांगितले, ‘‘साहेब, टाइमिंग आगळ छे. जरा पाछळ लई लो.’’

गुजराती मला मातृभाषेइतकीच कळते असा माझा समज. मी मनात भाषांतर केले ते असे : टायमिंग पुढे गेले आहे, जरा मागे घ्या. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवली. शाळेत सहामाही ‘पुढे गेली’ म्हणजे लांबली, आणि ती ‘मागे घेतली’ म्हणजे ठरल्याहून आधी घेतली. तेव्हा माझ्या हिशेबाने ठिणगी उशिरा पडत होती आणि मला ती लवकर पाडायची होती. डिस्ट्रिब्युटरचा नट सैल केला, त्याप्रमाणे तो फिरवला, नट आवळला. बॅटरी उतरलेली होती म्हणून हँडल घातले आणि मारले. इंजिनाने ते हँडल आले त्या बाजूला इतक्या जोराने परत फेकले की पहिल्या क्षणी काय झाले तेच समजले नाही. हाड मोडले नाही हे माझे नशीब.

मिस्त्री बरोबर होते. ठिणगी आधीच लवकर पडत होती, मी ती आणखी लवकर केली. गुजरातीत सभा लांबली तर ती ‘पाछी ठेलाई’. म्हणजे त्यांच्या भाषेत पाछळ हे उशिराच्या बाजूला असते. आमच्याकडे तीच सभा पुढे ढकलली जाते. एकच सभा, एकच नवी तारीख. एका भाषेत ती मागे सरकते, दुसरीत पुढे.

आणि गंमत अशी की मराठीतही सगळीकडे पुढे म्हणजे उशिरा असे नाही. घड्याळ दहा मिनिटे पुढे असेल तर शाळेची घंटा दहा मिनिटे लवकर होते. मनगट बांधून बसलो असताना यावर विचार करायला पुष्कळ वेळ मिळाला. मला जे सुचले ते सांगतो. सभेच्या बाबतीत आपण रस्त्यावर उभे असतो आणि दिवस आपल्या समोर ओळीने मांडलेले असतात. जो लांबचा तो पुढचा, म्हणून उशिराचा. घड्याळाच्या बाबतीत घड्याळ स्वतःच धावणारे आहे. शर्यतीत जो पुढे तो आधी पोचतो, म्हणून लवकरचा. मिस्त्री ठिणगीला धावणारी समजत होते, मी तिला सहामाही समजलो.

आता ठिणगीला वेळ पाळण्याची एवढी निकड का, ते पाहू. बऱ्याच मराठी पुस्तकांत ‘मिश्रणाचा स्फोट होतो आणि दट्ट्या खाली ढकलला जातो’ असे वाक्य सापडते. मीही मुलांना ते वाचून दाखवले आहे. त्यातला स्फोट हा शब्द काढून टाकला पाहिजे. सिलिंडरात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते, प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते, तिथे एक छोटी ज्वाला धरते आणि ती पसरत पसरत सगळ्या मिश्रणाला जाळत जाते. हे जळणे आहे, भराभर झालेले, पण जळणेच. त्याला वेळ लागतो. स्फोटासारखे सगळे एका क्षणी पेटत असते तर ठिणगी दट्ट्या अगदी वर आला की पाडली असती आणि हा लेख लिहावा लागला नसता.

तो वेळ समजण्यापुरता सेकंदाचा दोन हजारांश धरू. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे होतात, म्हणजे एका फेऱ्याला सेकंदाचे २० हजारांश. दोन हजारांशांत फेऱ्याचा दहावा भाग, ३६ अंश, होऊन जातो. तेच इंजिन मंद, ८०० फेऱ्यांवर, चालत असेल तर तेवढ्या वेळात दहाच्या आसपास अंश होतात. प्रत्यक्षात वेग वाढला की आतली हवा घुसळली जाते आणि ज्वालाही जास्त वेगाने पसरते, त्यामुळे हिशेब इतका सरळ राहत नाही. पण मुद्दा कळावा : दट्ट्या वर पोचण्याच्या आधीच ठिणगी पाडावी लागते, आणि इंजिन जितके भरधाव तितकी जास्त आधी.

किती आधी? झोपाळा आठवा. बडोद्यातल्या जुन्या घराला हिंचका नसेल तर ते घर अपुरे. झोपाळा वर येऊन परतू लागला की त्या क्षणाच्या जराशा नंतर दिलेला धक्का सर्वांत कामाचा. तो येत असतानाच धक्का दिला तर आपला हात दुखतो आणि झोपाळा अडखळतो. फार उशिरा दिला तर तो आधीच निघून गेलेला असतो. सिलिंडरातल्या दाबाचा मोठा जोर दट्ट्या वर जाऊन साधारण १५ अंश खाली उतरला असताना यावा, असे इंजिन तयार करणाऱ्यांचे गणित असते. त्यातून जळण्याचा वेळ वजा केला की ठिणगीची वेळ निघते.

ठिणगी फार लवकर पडली तर वर येणाऱ्या दट्ट्याला खालून वर आणि वरून खाली असे दोन्हीकडून रेटे बसतात. शिवाय पसरत्या ज्वालेपुढे उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप एकदम पेटते. हा मात्र खराखुरा स्फोट. तोच चढावरचा फुटाण्यांचा आवाज. गॅरेजात त्याला नॉकिंग म्हणतात. दुर्लक्ष केले तर दट्ट्याला भोक पडेपर्यंत मजल जाते. हँडलने इंजिन सावकाश फिरवताना अशीच अवेळी ठिणगी पडली तर दट्ट्या वर पोचण्याआधीच उलटा ढकलला जातो, आणि त्याच्याबरोबर हँडल धरणाराही. ठिणगी फार उशिरा पडली तर आवाज नसतो, म्हणून ते दुखणे लवकर ध्यानात येत नाही. गाडी जड लागते, इंजिन तापते, पेट्रोल जास्त जाते, सायलेन्सरमधून फटफट होते. जळणारे मिश्रण दट्ट्याला ढकलायच्या ऐवजी नळीतून बाहेर जात असते.

पहिल्या गाड्यांत ही वेळ चालवणाराच हाताने बदलत असे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत, जी १९०८ ते १९२७ पर्यंत निघाली, सुकाणूच्या चाकाखाली डावीकडे त्यासाठी एक दांडी होती. गाडी सुरू करताना ती उशिराच्या बाजूला आणायची, नाहीतर मनगट गेले. अशा मोडलेल्या मनगटांना कंटाळूनच विजेच्या स्टार्टरचे स्वागत झाले. चार्ल्स केटरिंगचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसला. बॅटरी, कॉइल, पॉइंट आणि डिस्ट्रिब्युटर ही जी मांडणी पुढे साठ-सत्तर वर्षे जगभर चालली, तीही त्याचीच. माझी इजा म्हणजे शंभर वर्षे जुना, जवळजवळ नामशेष झालेला आजार होता. डॉक्टरांनी कारण दोनदा विचारले.

डिस्ट्रिब्युटरचे काम दोन प्रकारचे. एक, कॉइलचा प्रवाह नेमक्या क्षणी तोडणे. तोडताच कॉइलमध्ये दहा-वीस हजार व्होल्टचा झटका तयार होतो. दोन, तो झटका पाळीने चारही प्लगांना वाटणे. आमच्या गाडीत पाळी १-३-४-२ अशी आहे. तोडण्याचे काम पॉइंट करतात : दोन बारीक टाचण्या, त्यांतली एक चौकोनी कॅमच्या कोपऱ्याने ढकलली की उघडते. वाटण्याचे काम वर फिरणारा रोटर करतो. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडराला एकदाच ठिणगी लागते, म्हणून डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. हे निम्मेपण ध्यानात ठेवा. डिस्ट्रिब्युटरचे अंग एक अंश हलवले की इंजिनाचे दोन अंश बदलतात. हातून सहज होणारा छोटा हिसका म्हणजे दहा अंश. वेग वाढताच ठिणगी आपोआप लवकर पडावी म्हणून आत स्प्रिंगने बांधलेली दोन वजने असतात, ती बाहेर फेकली जातात आणि कॅमला थोडे पुढ्यात सरकवतात. काही गाड्यांत यासाठी पडद्याची एक डबीही असते, ती कार्ब्युरेटरच्या निर्वाताने ओढली जाते.

मी आता ‘पुढ्यात सरकवतात’ असे लिहून गेलो. खोडत नाही. सवय किती खोल असते ते दिसावे.

घरी हे काम करायला लागणारी सामग्री थोडी आहे. पाने, डिसमिस, प्लगचा पाना, फिलर, खडू आणि १२ व्होल्टचा छोटा बल्ब, ज्याला दोन वायरी जोडलेल्या. पाना मराठीत, पानुं गुजरातीत, पक्कड दोन्हीकडे. स्क्रू फिरवायच्या हत्याराला गुजराती गॅरेजात डिसमिस म्हणतात. इंग्रजी शिकून कामाला आलेल्या नव्या मुलाला मिस्त्री पहिल्याच दिवशी ‘डिसमिस लाव’ म्हणाले की त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. फिलर म्हणजे पोलादी पात्यांचा पंखा. चाचपणारा या अर्थाचा मूळ इंग्रजी शब्द गॅरेजात फट भरणारा झाला, आणि काम पाहता हा अर्थ काही वाईट नाही.

गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, इंजिन थंड, किल्ली बंद. साडीचा पदर, ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी बाजूला.

पहिले काम पॉइंटांची फट. हे आधी, टायमिंग नंतर. उलटे केले तर सगळे पुन्हा करावे लागते. कारण फट मोठी असेल तर कॅमचा कोपरा टेकताच पॉइंट लौकर उघडतात आणि ठिणगी लवकर पडते. फट लहान असेल तर उशिरा. पॉइंटाचा जो भाग कॅमवर घासतो तो दिवसेंदिवस झिजतो, फट आपोआप कमी होते आणि कुणी हात न लावता ठिणगी उशिरा होत जाते. म्हणून जुन्या गाडीचे टायमिंग एकदा केले आणि झाले असे नसते. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून इंजिन फिरवा, पॉइंट सर्वांत जास्त उघडले की थांबा आणि फट मोजा. बहुतेक गाड्यांत ती ०.३५ ते ०.५० मिलिमीटरच्या दरम्यान सांगितलेली असते. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत पाहावा. फिलर नसेल तर दाढीची दुधारी पाती कामी येतात. एका पात्याची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर, चार एकत्र धरली की ०.४. पाते फटीत जरासे घासून सरकले पाहिजे, अडकता कामा नये आणि ढिले हलता कामा नये. पॉइंटांवर काळे डाग, खड्डे असतील तर घासत बसण्यापेक्षा नवे घालावेत.

दुसरे काम, एक नंबरचे सिलिंडर टॉपला आणणे. दट्ट्या सर्वांत वर असण्याच्या जागेला गॅरेजात टॉप म्हणतात. आमच्या परिभाषेत दट्ट्या, झडप, भुजादंड, प्रचक्र असे शब्द आहेत. त्यांतले दट्ट्या आणि झडप मी मनापासून वापरतो. पिचकारीतला दट्ट्या आणि पेटीची झडप पोरांना माहीत असते. प्रचक्र मात्र कुणाच्या तोंडी कधी ऐकले नाही. टॉप हा शब्द तर कुणी बदलायला जाऊ नये.

एक अडचण अशी की चार फटक्यांच्या इंजिनात दट्ट्या दोन फेऱ्यांत दोनदा टॉपला येतो. एकदा मिश्रण दाबून, एकदा जळलेला धूर बाहेर टाकून. आपल्याला दाबणारा टॉप हवा. सगळे प्लग काढा, एक नंबरच्या भोकावर अंगठा ठेवा आणि दुसऱ्या कुणाला हँडल फिरवायला सांगा. प्लग काढलेले असल्याने ते अगदी हलके फिरते आणि उलटे मारत नाही. अंगठ्याखाली वारा जोराने ढकलू लागला की तो दाबणारा फेरा. आता इंजिनाच्या पुढच्या पुलीवरची खूण आणि तिच्या मागच्या कव्हरवरची खूण जुळवायची. खुणा ग्रीसखाली लपलेल्या असतात, घासून काढा, खडू भरा. टॉपच्या आधी जितके अंश पुस्तिकेत सांगितले असतील त्या खुणेवर थांबा. पुलीचा व्यास १२ सेंटिमीटर असेल तर परिघावर एक अंश साधारण एक मिलिमीटर होतो, म्हणून खडूची रेघ जाड काढली तर तिच्या जाडीतच दोन-तीन अंश जातात. खूण ओलांडून गेलात तर तेवढेच मागे येऊ नका. चांगले अर्धा वीत मागे जा आणि पुन्हा इंजिनाच्या चालीच्या दिशेने खुणेवर या. साखळीत आणि दात्यांत थोडी ढील असते, ती नेहमी एकाच बाजूला ओढलेली राहिली पाहिजे.

रोटरचे तोंड आता टोपीतल्या एक नंबरच्या वायरीसमोर असले पाहिजे. नसेल तर धुराचा टॉप धरला आहे. एक पूर्ण फेरा आणखी द्या.

तिसरे काम बल्बचे. त्याची एक वायर कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला येणाऱ्या बारीक वायरीच्या टोकाला, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. किल्ली चालू करा. पॉइंट मिटलेले असतील तर वीज त्यांच्यातूनच सोप्या वाटेने जमिनीला जाते आणि बल्ब विझलेला राहतो. उघडले की ती वाट तुटते आणि बल्ब लागतो. बल्ब लागण्याचा क्षण म्हणजे ठिणगीचा क्षण. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी असलेला नट सैल करा, अंग घट्ट पण हलेल इतपत. आधी अंग रोटर फिरतो त्या दिशेने थोडे फिरवा, बल्ब विझेल. मग रोटरच्या विरुद्ध दिशेने केसभर केसभर आणा. बल्ब जिथे नेमका लागतो तिथे थांबा, नट आवळा. आवळताना अंग सरकते, म्हणून इंजिन दोन फेरे फिरवून खुणेवर बल्ब लागतो का ते पुन्हा पाहा. किल्ली उगाच चालू ठेवून चहाला जाऊ नका. पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापून जाते.

मी डावीकडे-उजवीकडे असे कुठेच म्हटले नाही, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. गाडीसमोर उभा असलेल्याचे डावे आणि आत बसलेल्याचे डावे वेगळे. ‘घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने’ हेही वरून बघणाऱ्याचे वेगळे आणि खालून चाचपणाऱ्याचे वेगळे. रोटर मात्र एकाच बाजूला फिरतो, बघणारा कुठेही असो. अंग रोटरच्या विरुद्ध फिरवले की कॅमचा कोपरा पॉइंटांना लवकर गाठतो, ठिणगी लवकर. रोटरच्या बरोबरीने फिरवले की उशिरा. पुढे आणि मागे हे शब्द मी या कामातून हद्दपार केले. फोनवर सांगतानाही मी आता ‘लवकर’, ‘उशिरा’ आणि ‘टॉपच्या आधी इतके अंश’ एवढेच बोलतो. मिस्त्रींना हे सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, ‘‘वहेलुं अने मोडुं. एम कहो ने.’’ लवकर आणि उशिरा. त्यांच्या भाषेतही ते शब्द होतेच, मला विचारावेसे वाटले नव्हते.

बडोद्यात शब्दांची अशी काळजी घेण्याची रीत जुनी आहे. तिसऱ्या सयाजीरावांच्या काळात १८९० मध्ये कलाभवन निघाले आणि तंत्रशिक्षण देशी भाषेत देण्याचा प्रयत्न झाला. ती संस्था आज विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे. १९३१ मध्ये राज्याने श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू छापला, ज्यात राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत अशा अनेक भाषांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी आहेत. कारभारात एक शब्द दोन भाषांत दोन बाजूंना ओढला गेला तर काय होते, हे त्या लोकांना कळत होते. मोटारीचा कोश करणाऱ्याने नामांच्या यादीवर थांबू नये. पिस्टनला काय म्हणावे यावर आपण वाद घालतो, आणि घोटाळा होतो तो पुढे, मागे, वर, खाली यांत, ज्यांना आपण परिभाषा मानतच नाही.

बल्बने लावलेले टायमिंग थांबलेल्या इंजिनाचे. चालत्या इंजिनाचे पाहायचे तर टायमिंग लाइट लागतो, पिस्तुलाच्या आकाराचा दिवा. त्याचा चिमटा एक नंबरच्या प्लगच्या वायरीवर लावला की प्रत्येक ठिणगीबरोबर तो एकदा चमकतो. निर्वाताची नळी असेल तर ती काढून तिचे तोंड बंद करायचे, इंजिन मंद चालवायचे आणि प्रकाश पुलीवर टाकायचा. पुली गरगरत असूनही खडूची खूण एका जागी स्थिर दिसते. पाय दाबला की ती हळूहळू लवकरच्या बाजूला सरकते. सरकली नाही, किंवा हिसके देत सरकली, तर आतली वजने अडकली आहेत किंवा त्यांची स्प्रिंग गेली आहे. स्थिर दिसायच्या जागी खूण थरथरत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा दांडा बुशमध्ये ढिला झाला आहे. मग टायमिंग कितीही नेमके लावा, टिकणार नाही.

इथे एक धोका आहे आणि तो हँडलपेक्षा मोठा आहे. त्या चमकत्या उजेडात पुली थांबलेली दिसते तसाच पंखाही थांबलेला किंवा सावकाश सरकताना दिसू शकतो. तो थांबलेला नसतो. पुस्तकांत ही सूचना असते, पण पाते डोळ्यांसमोर शांत उभे दिसत असताना हात आपसूक तिथे जातो. माझ्या भाचीला मी हे दाखवत होतो तेव्हा खडू उचलायला तिने हात पुढे केला आणि मी ओरडलो. त्यानंतर आमच्याकडे नियम आहे : दिवा धरणाऱ्याचा दुसरा हात पाठीमागे.

पुस्तिकेतला आकडाही आंधळेपणाने घेऊ नये. पद्मिनीच्या पुस्तिका शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातल्या. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. गाडीला सीएनजीचे किट लावले असेल तर तो गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, त्याला ठिणगी आणखी लवकर लागते, आणि दोन्ही इंधने वापरणाऱ्याला मधला कुठलातरी आकडा पत्करावा लागतो. म्हणून शेवटची परीक्षा रस्त्यावर. इंजिन गरम झाल्यावर चौथ्या गिअरमध्ये, सावकाश चालीवर, रिकाम्या सरळ रस्त्यावर पाय एकदम दाबा. क्षणभर बारीक खडखड होऊन विरली तर ठीक मानतात. चालूच राहिली तर ठिणगी दोन अंश उशिरा करा. अजिबात आवाज नाही आणि गाडी उठतही नाही, तर दोन अंश लवकर. डिस्ट्रिब्युटरवर ते एकच अंश, हे विसरू नका.

नव्या गाड्यांना यातले काही लागू नाही. तिथे डिस्ट्रिब्युटरच नसतो. भुजादंडाची जागा एक सेन्सर वाचतो, खडखड दुसरा सेन्सर ऐकतो आणि छोटा संगणक दर ठिणगीला नवी वेळ ठरवतो. त्यामुळे हे काम शिकून कुणाचे पोट भरेल असे नाही. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. तिथल्या गाड्यांची अंगे आरशासारखी होती. पण त्यांतली प्रत्येक चालणारी गाडी कुणाच्या तरी कानाने आणि कुणाच्या तरी बल्बने वेळेवर आलेली होती.

भाचीने पाटीच्या पुठ्ठ्यावर चार ओळी लिहून बॉनेटच्या आत चिकटवल्या आहेत. फट आधी. मग दाबणारा टॉप. रोटरच्या विरुद्ध, लवकर, रोटरबरोबर, उशिरा. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला, मूठ वळवायची नाही, खालून वर ओढायचे, वरून खाली दाबायचे नाही. शेजारी तिने तेच गुजरातीत लिहिले आहे, वहेलुं आणि मोडुं अशा शब्दांत, कारण मागच्या दिवाळीत मिस्त्री सुरतेहून आले तेव्हा बॉनेट उघडून त्यांनी पहिला प्रश्न केला तो असा, ‘‘आ मराठीमां शुं लख्युं छे?’’